कोमेजले की वाळले? : मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्र



आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री दहा वाजता ते नेहमीसारखे झोपले. सकाळी सात वाजता उठवायला गेले तर उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला ओढलेले आणि बोलणे अडखळत होते. घरच्यांनी वेळ न घालवता त्यांना रुग्णालयात नेले. तेथे डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला पहिला प्रश्न विचारला, "बाबांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?"

"रात्री दहाला."

म्हणजे दहा तास उलटून गेले होते. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. ती वेळ टळून गेली होती की काय, हे कोणालाच सांगता येत नव्हते, कारण झटका रात्री अकराला आला की पहाटे सहाला, हे झोपेत कोण पाहणार? तरीही डॉक्टरांनी मेंदूची चित्रे काढावयास सांगितली. हाडांची किंवा गाठीची नव्हे, तर वाहत्या रक्ताची चित्रे! वाहणाऱ्या गोष्टीचे चित्र कसे काढतात आणि त्यावरून काय कळते, हे आज आपण पाहू या. यातील गणित तुम्हांला येणाऱ्या भागाकारापलीकडचे नाही.

मेंदूची तहान

माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. परंतु आपण घेतलेल्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू हा एकटा अवयव वापरतो. त्यासाठी मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागाला दर मिनिटास सरासरी ५० मिलिलिटर रक्त लागते. संपूर्ण मेंदूचा हिशेब केला तर मिनिटाला सुमारे ७०० मिलिलिटर रक्त झाले.

स्नायूला थोडा वेळ रक्त मिळाले नाही तरी तो तग धरतो. मेंदूजवळ मात्र साठा जवळजवळ नसतोच. शेतातल्या रोपवाटिकेसारखी त्याची स्थिती असते. पाट सतत वाहता हवा. हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीला रोहिणी म्हणतात, हे तुम्ही शिकला आहात. मेंदूतील एखाद्या रोहिणीत गुठळी अडकली की पुढच्या भागाचे पाणी तुटते. पक्षाघाताच्या बहुसंख्य झटक्यांचे कारण हेच असते. उरलेल्या झटक्यांत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. या दोन प्रकारांचे उपचार अगदी उलट आहेत. म्हणून सर्वांत आधी साधा सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहतात. त्यापुढची गोष्ट आपल्या लेखाची आहे.

ग्रहणातील एक शब्द

पाटाचे पाणी तुटले म्हणजे सगळे पीक एकदम मरते का? नाही. पाटाच्या अगदी टोकाला असलेले वाफे लवकर वाळतात. पण कडेच्या वाफ्यांना शेजारच्या शेतातून झिरपणारे थोडे पाणी मिळत राहते. तेथील रोपे माना टाकतात, पण मरत नाहीत. वेळेवर पाणी आले तर ती पुन्हा उभी राहतात. कोमेजणे आणि वाळणे यांत हा फरक आहे.

मेंदूचेही असेच असते. १९७७ साली लंडनमध्ये आस्ट्रुप, सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. रक्तप्रवाह हळूहळू कमी केला तेव्हा त्यांना एक नव्हे, दोन पायऱ्या दिसल्या. दर १०० ग्रॅमला मिनिटास सुमारे २० मिलिलिटरच्या खाली प्रवाह गेला की चेतापेशींचे विद्युत्-संदेश थांबू लागतात. पेशी गप्प होते, पण जिवंत असते. प्रवाह सुमारे १० च्याही खाली गेला की पेशीच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर सुटू लागते आणि काही मिनिटांत पेशी मरते.

या दोन पायऱ्यांच्या मधल्या भागाला शास्त्रज्ञांनी १९८१ साली जे नाव दिले ते ग्रहणातून घेतलेले आहे. ग्रहणाच्या आकृतीत मधोमध गडद छाया आणि तिच्याभोवती फिकट उपच्छाया तुम्ही वहीत काढली असेल. मेंदूतही मधोमध मेलेला गाभा आणि त्याभोवती कोमेजलेली उपच्छाया असते. रुग्णाचा हात दोन्ही भागांमुळे लुळा पडतो, कारण गप्प पेशी आणि मेलेली पेशी या दोघीही हुकूम देत नाहीत. बाहेरून तपासून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. वेगळ्या ओळखायच्या तर प्रत्येक ठिकाणचा रक्तप्रवाहच मोजावा लागेल.

एक साधा भागाकार

प्रवाह मोजायचा कसा? मेंदूला मीटर तर लावता येत नाही! येथे भौतिकशास्त्रातील एक जुनी युक्ती उपयोगी पडते. समजा, एका नळीत २५० मिलिलिटर पाणी मावते. एका टोकाला शाईचा थेंब टाकला आणि तो दुसऱ्या टोकाला सरासरी १० सेकंदांनी पोचला. याचा अर्थ असा की १० सेकंदांत नळीतील सगळे पाणी एकदा बदलले गेले. म्हणून प्रवाह झाला २५० भागिले १०, म्हणजे सेकंदाला २५ मिलिलिटर. सूत्ररूपाने असे लिहिता येईल :

प्रवाह = आतील द्रवाचे आकारमान ÷ सरासरी संक्रमणकाळ

संक्रमणकाळ म्हणजे पार होण्यास लागणारा वेळ. गंमत अशी की नळी सरळ असो, वाकडी असो किंवा तिला शंभर फाटे फुटलेले असोत, सरासरी नीट घेतली तर हे सूत्र बदलत नाही. मेंदूतील केशवाहिन्यांचे जाळे कितीही गुंतागुंतीचे असले तरी म्हणूनच आपले अडत नाही.

करून पाहा

गवंडी लोक पातळी पाहण्यासाठी वापरतात तसली पारदर्शक नळी सुमारे ५ मीटर घ्या. पाण्याने भरलेली बादली स्टुलावर ठेवा. नळीचे एक टोक बादलीत बुडवा आणि दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घेऊन ते टोक खालच्या रिकाम्या बादलीत सोडा. पाणी वाहू लागेल. आता ड्रॉपरने शाईचा थेंब वरच्या टोकाच्या तोंडाशीच सोडा आणि घड्याळ सुरू करा. खाली रंग प्रथम केव्हा दिसला आणि केव्हा संपला, ते लिहा. सगळी शाई एकदम येत नाही, हे तुमच्या लक्षात येईल. नळीच्या मधले पाणी पुढे पळते आणि कडेचे रेंगाळते. म्हणून दोन्ही वेळांच्या साधारण मधली वेळ घ्या. शेवटी नळीतील पाणी मापात ओतून मोजा आणि भागाकार करा. उत्तर बरोबर आहे का? खालच्या बादलीऐवजी एक लिटरचे माप ठेवून ते किती सेकंदांत भरते ते पाहा. दोन्ही उत्तरे बरीच जवळ येतील.

नळीकडून मेंदूकडे

मेंदूचा रक्तप्रवाह प्रथम विश्वसनीय रीतीने मोजला तो अमेरिकेतील केटी आणि श्मिट यांनी १९४५ च्या सुमारास. त्यांनी माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड वायू हुंगविला आणि मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूतून परत येणाऱ्या रक्तातील त्याचे प्रमाण मोजले. पण उत्तर मिळाले ते संपूर्ण मेंदूचे एकच. एका जिल्ह्याचा सरासरी पाऊस कळला म्हणून कोणत्या गावाची विहीर आटली ते कळत नाही!

ठिकाणाठिकाणचा हिशेब शक्य झाला तो सीटी स्कॅनमुळे. गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात काढले गेले. या शोधासाठी हौन्सफिल्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८० साली लिऑन ॲक्सेल यांनी दाखविले की, रक्तात द्रव्य सोडून एकाच जागेची चित्रे भराभर घेतली तर त्यांवरून प्रवाह काढता येईल. त्या काळची यंत्रे मात्र या कामाला मंद होती. यंत्रे वेगवान झाली तेव्हा ही पद्धत खऱ्या अर्थाने रुग्णालयात आली.

आज ती अशी वापरतात. रुग्णाच्या हातातील शिरेतून सुमारे ४० ते ५० मिलिलिटर आयोडीनयुक्त द्रव झपाट्याने सोडतात. रुग्णालयातील लोक त्याला नुसते 'डाय' म्हणतात. हीच आपली शाई. पण क्ष-किरणांना ती दिसते कशी? आपले शरीर मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचे बनलेले आहे. ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, तर आयोडीनचा ५३. जड अणू क्ष-किरण कितीतरी अधिक शोषतात. म्हणून जेथे आयोडीन पोचले ती जागा चित्रात उजळते आणि जितके आयोडीन जास्त तितकी ती अधिक उजळते.

यंत्र सुमारे एक मिनिटभर, सेकंदा-दोन सेकंदांच्या अंतराने, मेंदूची चित्रे घेत राहते. आता एखादा ठिपका निवडा आणि त्याची उजळणी वेळेनुसार आलेखावर मांडा. आलेख चढतो, शिखर गाठतो आणि उतरतो. या आलेखाखालील क्षेत्रफळाची रोहिणीतील आलेखाच्या क्षेत्रफळाशी तुलना केली की त्या ठिपक्यात किती रक्त मावते ते कळते. हे झाले आकारमान. वेळ काढताना एक अडचण येते. आपण शाई टाकली हातात. हृदय आणि फुप्फुसे फिरून येईपर्यंत ती पसरून जाते. हे पसरणे मेंदूमुळे झालेले नसते. म्हणून संगणक रोहिणीतील आलेख जमेस धरून तेवढे पसरणे वजा करतो आणि फक्त मेंदूतला संक्रमणकाळ वेगळा काढतो. मग तोच भागाकार, पण हजारो ठिपक्यांसाठी आणि काही मिनिटांत!

नकाशा कसा वाचतात?

तीन ठिपक्यांचे उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी सोपे केले आहेत. सर्व आकारमाने दर १०० ग्रॅम मेंदूसाठी आहेत.

निरोगी ठिपका : रक्त ४ मिलिलिटर, संक्रमणकाळ ४.८ सेकंद. प्रवाह मिनिटास ५० मिलिलिटर.

उपच्छायेतील ठिपका : रक्त ४ मिलिलिटर, संक्रमणकाळ १५ सेकंद. प्रवाह मिनिटास १६ मिलिलिटर.

गाभ्यातील ठिपका : रक्त १.५ मिलिलिटर, संक्रमणकाळ १५ सेकंद. प्रवाह मिनिटास ६ मिलिलिटर.

दुसरा आणि तिसरा ठिपका शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे रक्त सारखेच रेंगाळते. पण दुसऱ्या ठिपक्यात रक्ताचे आकारमान निरोगी भागाइतकेच आहे. असे का? मुख्य पाट तुटला तरी जिवंत मेंदू स्वस्थ बसत नाही. तो आपल्या बारीक वाहिन्या रुंद करून आडवाटेने येणारे रक्त गोळा करतो. रक्त उशिरा येते, पण येते. तिसऱ्या ठिपक्यात ही धडपड संपलेली असते. कोमेजलेले आणि वाळलेले रोप ओळखण्याची खूण ती हीच.

प्रत्यक्षात संगणक आणखी एक नकाशा काढतो. तो असतो उशिराचा. ज्या भागात द्रव्य ६ सेकंदांहून अधिक उशिरा पोचते तो सगळा भाग संकटात आहे असे मानतात. त्यांपैकी ज्या भागात प्रवाह निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांहून कमी, तो गाभा. संकटातील भागातून गाभा वजा केला की उरते ती उपच्छाया, म्हणजे वाचविण्याजोगा मेंदू.

घड्याळ आणि चित्र

आता पुन्हा साडेचार तासांच्या मर्यादेकडे वळू. गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास उपयोगी पडते हे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झाले. २००८ मध्ये ही मर्यादा युरोपातील चाचणीने साडेचार तासांवर नेली. त्यानंतर रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि लाभ घटतो. मोठ्या रोहिणीतील गुठळीमुळे दर मिनिटास सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. घड्याळाचे महत्त्व यावरून कळावे.

परंतु हा आकडा सरासरीचा आहे. प्रत्येकाच्या मेंदूतील आडवाटा सारख्या नसतात. एखाद्याची उपच्छाया तासाभरात वाळून जाते, तर दुसऱ्याची बारा तास तग धरते. मग सर्वांना एकाच घड्याळाने का मोजावे?

हाच प्रश्न अमेरिकेतील 'डिफ्यूज ३' या चाचणीने विचारला. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर ६ ते १६ तास झालेले १८२ रुग्ण तिच्यात होते. अट घड्याळाची नव्हे, मुख्यतः चित्राची होती. गाभा ७० मिलिलिटरहून लहान, संकटातील एकूण भाग गाभ्याच्या निदान १.८ पट आणि दोहोंतील फरक निदान १५ मिलिलिटर. निम्म्या रुग्णांच्या जांघेतील रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढली. उरलेल्यांना फक्त औषधोपचार दिले. तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणारे रुग्ण पहिल्या गटात ४५ टक्के होते, तर दुसऱ्या गटात १७ टक्के. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'डॉन' या चाचणीत ६ ते २४ तासांचे २०६ रुग्ण होते. तेथे हे प्रमाण ४९ आणि १३ टक्के निघाले.

यावरून "मग घाई कशाला?" असे कोणी म्हणेल, तर ती मोठी चूक ठरेल. पहिल्या गटातही निम्म्याहून अधिक लोक स्वावलंबी होऊ शकले नाहीत, हे विसरू नका. चित्र फक्त किती उरले आहे ते सांगते. गेलेले ते परत आणत नाही.

चित्राच्या मर्यादा

कोणतेही मापन चुकू शकते, हे प्रयोगशाळेत तुम्ही शिकताच. रुग्णाने डोके हलविले तर ठिपके सरकतात. हृदय दुबळे असेल किंवा मानेतील रोहिणी आधीच अरुंद असेल तर द्रव्य उशिरा पोचते आणि संकट आहे त्याहून मोठे दिसते. अगदी सुरुवातीच्या तासांत प्रवाह फार कमी दिसणारा भागही लगेच रक्त मिळाल्यास वाचू शकतो. म्हणजे चित्रातला गाभा कधी कधी खरा गाभा नसतो. शिवाय २०२२ आणि २०२३ साली जपान, अमेरिका व चीन येथून प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत मोठा गाभा असलेल्या रुग्णांनाही गुठळी काढल्याने लाभ झाला. म्हणून नकाशा पाहून निर्णय घेतो तो डॉक्टर. संगणक फक्त भागाकार करून देतो.

तुमचे काम

आमच्या आजोबांच्या चित्रात गाभा लहान निघाला आणि उपच्छाया मोठी. त्यांची गुठळी काढण्यात आली. आज ते काठी टेकत बागेत जातात. बोलणे थोडे सावकाश झाले आहे आणि उजव्या हाताने सही नीट जमत नाही. जे वाळले होते ते गेले. जे कोमेजले होते ते वाचले. घरच्यांनी मालिश आणि काढे यांत सकाळ घालविली असती तर हा हिशेब वेगळा झाला असता.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील. कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात वर धरता येईना किंवा बोलणे अडखळू लागले, तर यांपैकी एक खूणही पुरेशी आहे. त्यांना खायला-प्यायला काही देऊ नका, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. 'जरा पडू द्या, बरे वाटेल' असे कोणी म्हणाले तरी थांबू नका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आणि ती व्यक्ती शेवटची धडधाकट केव्हा दिसली, ती वेळ कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असेल आणि त्याचे उत्तर कोणत्याही यंत्राजवळ नाही. ते तुमच्याजवळ असेल.

सोडवून पाहा

१) एका ठिपक्यात दर १०० ग्रॅमला ३.६ मिलिलिटर रक्त आहे आणि संक्रमणकाळ १२ सेकंद आहे. मिनिटाचा प्रवाह किती? तो ठिपका निरोगी, उपच्छायेतील की गाभ्यातील?

२) एका रुग्णाच्या संकटातील एकूण भाग ९० मिलिलिटर आणि गाभा ६० मिलिलिटर आहे. 'डिफ्यूज ३' च्या तिन्ही अटी तो पूर्ण करतो का?

उत्तरे : १) १८ मिलिलिटर. उपच्छायेतील. २) नाही. गाभा ७० हून लहान आहे आणि फरक ३० आहे, पण गुणोत्तर १.५ च येते.